पाच कवट्या, कागदाचा लगदा आणि चुकलेला तक्ता: सांगलीतल्या कामाच्या नोंदी

कामाचं स्वरूप: राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या (२८ फेब्रुवारी) प्रदर्शनासाठी आरंभीच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पाच कवट्यांची मोठी मॉडेल्स आणि त्यांच्या नात्यांचा एक भिंतीवरचा तक्ता. माणसं चार, वेळ संध्याकाळचा आणि रविवारचा. बजेट पंधरा हजार. हेच काम कुणाला करायचं असेल तर आमचे वाया गेलेले दिवस वाचावेत म्हणून या नोंदी.

३ नोव्हेंबर २०२५

यादी ठरली: कॅप्टोराइनस, पेट्रोलॅकोसॉरस, यंगिना, प्रोकोलोफॉन आणि डायमेट्रोडॉन. शेवटचा सरपटणाऱ्यांपैकी नाही. तो आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या शाखेवरचा आहे. पण त्याच्याशिवाय बाकीच्यांची तुलना कशाशी करणार?

हायलोनोमस हवा होता, सोडून दिला. कॅनडातल्या जॉगिन्सला पोकळ झाडांच्या बुंध्यांत सापडलेली ही हाडं जवळपास सगळी सुटी आहेत आणि कवटी जेमतेम तीन सेंटिमीटरची. तिचं दहापट मॉडेल करायचं म्हणजे कल्पनाही दहापट करावी लागते. तो तक्त्यावर चित्र म्हणून येईल.

पहिलं मॉडेल कॅप्टोराइनसचं. त्याचे जीवाश्म अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रिचर्ड्स स्परच्या चुनखडीतल्या भेगांमध्ये भरपूर सापडतात आणि ते चपटलेले नाहीत. कवटीची रुंदी किती, गाल किती फुगीर, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. पेट्रोलॅकोसॉरसचं उलट आहे. कॅन्ससमधल्या गार्नेटजवळच्या थरात तो दाबून सपाट झालेला सापडतो, त्यामुळे त्याची समोरून दिसणारी रुंदी ही संशोधकांनी जुळवलेली असते. सुरुवात सपाट जीवाश्मापासून करू नये.

प्रत्येक मॉडेलची लांबी २८ ते ३० सें.मी. धरली. कॅप्टोराइनस चौपट, यंगिना आणि प्रोकोलोफॉन सुमारे पाचपट, पेट्रोलॅकोसॉरस सहापट. डायमेट्रोडॉनची कवटी मुळातच मोठी, ती लहान करावी लागणार. सगळ्या एका मापाच्या केल्या तर पाहणाऱ्याला सगळे प्राणी घोरपडीएवढे वाटतात. म्हणून प्रत्येकाखाली खऱ्या मापाची काळी छापील आकृती चिकटवायची, हे आजच ठरवून टाकलं. नंतर राहून जातं.

८ नोव्हेंबर

चित्रं ए-३ वर छापून आणली. वरून, बाजूने, टाळूकडून आणि मागून अशी चार. मोजली तर एकाच कवटीची वरून लांबी २८.० आणि बाजूने २६.७ भरली. झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर 'पानात बसवा' चालू होतं. चारही चित्रं वेगवेगळ्या टक्क्यांनी बारीक झालेली.

उपाय: छापायच्या आधी प्रत्येक चित्रावर १० सें.मी.ची रेघ मारायची आणि छापून आल्यावर पट्टीने तीच मोजायची. दुसरी तपासणी म्हणजे डोळ्याच्या खोबणीची लांबी भागिले कवटीची लांबी. हे गुणोत्तर वरच्या आणि बाजूच्या चित्रात जुळलं नाही तर दोन चित्रं दोन वेगळ्या नमुन्यांची आहेत. पेट्रोलॅकोसॉरसच्या बाबतीत नेमकं तेच निघालं. एक चित्र बाद केलं. खर्च १८० रुपये, त्यातले १२० पाण्यात.

१५ नोव्हेंबर

मुंडी आणली. खाटकाकडून बोकडाचं डोकं, कातडं काढलेलं, १५० रुपये. कानशिलाची खिडकी म्हणजे काय हे हातात धरून बघायला याहून स्वस्त साधन सांगलीत नाही. डोळ्याच्या मागे हाडाची एक उभी दांडी, तिच्या मागे पोकळी (हीच खिडकी), खालून गालफडाची कमान. जबडा मिटणारा स्नायू या पोकळीतून खाली जातो. ही कमान गालाचं हाड आणि स्क्वामोसल (कानशिलाचं हाड) मिळून होते. डायमेट्रोडॉनच्या खालच्या खिडकीची खालची कडही जुगल आणि स्क्वामोसलचीच, आणि जुगल म्हणजेच हे गालाचं हाड. बोकड आणि डायमेट्रोडॉन एका शाखेवरचे, हे इथे बोट ठेवून दाखवता येतं.

चूक: घाई म्हणून कुकरला चार शिट्ट्या दिल्या. बोकड कोवळा होता, सांधे उघडले, नाकाची हाडं आणि पुढचा जबडा सुटून आला. मंद आचेवर दोन-अडीच तास उकळून मऊ ब्रशने साफ करायला हवं होतं. वास घरभर दोन दिवस राहिला तो वेगळा. (सुटी झालेली हाडं मात्र फेकू नका. दोन हाडं एकमेकांवर कशी चढतात आणि सांध्याची रेघ नागमोडी का दिसते, हे त्यांच्यावरूनच कळलं.)

पांढरं करायला ब्लीचिंग पावडर वापरू नये, हाड आतून भुसभुशीत होतं. भांडी घासायच्या लिक्विड साबणाच्या कोमट पाण्यात दोन दिवस ठेवून चरबी काढली. मग केमिस्टकडचं २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, एक रात्र.

आणखी एक. तुलनेला सरड्या-घोरपडीची कवटी हवी असं कळल्यावर घोरपडीची कवटी आणून देतो म्हणणारे भेटतात. घ्यायची नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि मेलेल्या प्राण्याचं हाड बाळगणं हासुद्धा गुन्हाच. फोटोंवर भागवलं.

१९ ते २७ नोव्हेंबर

इथे नऊ दिवस गेले. संपूर्ण कामातली सगळ्यात महाग चूक हीच.

विचार असा होता: बंद गालाची एक मूळ कवटी शाडूत करायची, तिच्या साच्यातून पाच प्रती काढायच्या आणि प्रत्येकीत लागतील तशी भोकं कापायची. कॅप्टोराइनसला भोक नाही, डायमेट्रोडॉनला खाली एक, पेट्रोलॅकोसॉरस आणि यंगिनाला दोन-दोन. एका साच्यात काम.

भोकं कापून झाली आणि चारही कवट्या एकाच प्राण्याच्या वाटू लागल्या, कुणीतरी ड्रिलने छिद्रं पाडल्यासारख्या. कारण उघड होतं, आम्हालाच दिसत नव्हतं. खिडकीभोवतीची हाडं आपला आकार आणि जागा बदलतात. पेट्रोलॅकोसॉरसमध्ये वरच्या खिडकीभोवती पॅरायटल (डोक्याच्या छताचं हाड), पोस्टऑर्बिटल (डोळ्यामागचं) आणि स्क्वामोसल बारीक होऊन कमानी झालेल्या आहेत. आमच्या प्रतीत कॅप्टोराइनसचं रुंद स्क्वामोसल तसंच राहिलेलं आणि मधोमध भोक. शिवाय कॅप्टोराइनसची कवटी वरून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, मागे गाल फुगलेले. पेट्रोलॅकोसॉरसची अरुंद, लांबट.

ज्यांच्या मूर्तीच्या कारखान्यात जागा मिळाली होती त्या काकांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "भोक पाडू नका हो. भोवतीनं बांधत या, भोक आपोआप ऱ्हातंय." ते गणपतीच्या हाताच्या कोपरातल्या पोकळीबद्दल बोलत होते. पण कवटीचंही तेच आहे. खिडकी हा भाग नव्हे, हाडांच्या मधली उरलेली जागा.

चारही प्रती मोडून शाडू परत भिजत घातला. शाडू वाया जात नाही एवढंच समाधान.

३ डिसेंबर

नवीन पद्धत, हाड-हाड बांधण्याची. पाचही कवट्यांना हाच क्रम वापरला:

आधी जबड्याचा बिजागर, म्हणजे मागच्या बाजूची दोन्ही क्वाड्रेट हाडं. ही पाटावर खिळा ठोकून पक्की करायची. कवटी मागे किती रुंद आणि किती उंच हे यावरून ठरतं. आम्ही पहिल्यांदा नाकाकडून सुरुवात केली होती, मागे येईपर्यंत कवटी दीड सेंटिमीटर लांब झाली.

मग मधली ओळ: पॅरायटल, फ्रंटल, नेझल. पॅरायटलच्या मधोमध तिसऱ्या डोळ्याचं (डोक्यावरच्या, उजेड ओळखणाऱ्या अवयवाचं) छिद्र ठेवायचं. पाचही प्राण्यांत ते आहे, प्रोकोलोफॉनमध्ये तर चांगलंच मोठं.

मग डोळ्याचं कडं: पुढून प्रीफ्रंटल आणि लॅक्रिमल, मागून पोस्टफ्रंटल आणि पोस्टऑर्बिटल, खालून जुगल. त्यानंतर पुढे प्रीमॅक्सिला आणि मॅक्सिला, म्हणजे वरच्या जबड्याची दात धरणारी हाडं. स्क्वामोसल आणि क्वाड्रॅटोजुगल (जुगलच्या मागचं हाड) सगळ्यात शेवटी, कारण खिडक्या असतील-नसतील त्या इथेच ठरतात.

आधारासाठी आत बाइंडिंग वायरची जाळी. शाडूला दर दोन तासांनी ओलं फडकं, रात्री वरून प्लॅस्टिक. एक रात्र विसरलो आणि यंगिनाच्या खालच्या दांडीला तीन ठिकाणी तडे गेले.

कॅप्टोराइनसच्या टाळूत एक्टोप्टेरिगॉइड नावाचं हाड नाही, आणि मागच्या कडेचं टॅब्युलरही नाही. इतरांचं चित्र समोर ठेवून काम करताना ही हाडं हात आपसूक बसवून मोकळा होतो. दोनदा काढावी लागली. उलट पेट्रोलॅकोसॉरस आणि यंगिनाच्या टाळूत डोळ्याच्या खालच्या बाजूला आणखी एक फट असते. कवटी टेबलावर ठेवली की ती दिसत नाही, म्हणून ती करायचं टाळू नका. दोन खिडक्यांच्या गटाची ती महत्त्वाची खूण आहे. खाली आरसा ठेवला की काम झालं (आम्ही ठेवला, ६० रुपयांचा).

वेळ: कॅप्टोराइनस चार दिवस, पुढची प्रत्येक अडीच-तीन दिवस.

१४ डिसेंबर

साचे. सिलिकॉन रबर दोन किलो आणलं. कॅटॅलिस्ट वजनाने ३ टक्के टाकायला सांगितलं होतं. रात्री गारठा आहे, लवकर सेट होणार नाही, म्हणून अंदाजाने जास्त ओतलं. सात-आठ मिनिटांत बादलीतच घट्ट. जवळपास ८०० ग्रॅम रबर फुकट, साडेसहाशे रुपये. काट्यावर मोजूनच टाकावं. थंडी असेल तर जास्त वेळ थांबावं.

खिडक्यांतून रबर आरपार गेलं की दोन पाकळ्यांचा साचा उघडत नाही. म्हणून प्रत्येक खिडकीत आतून शाडूची पातळ भिंत घातली आणि साच्याची फूट त्या भिंतीवरून नेली. वर आधाराला पीओपीचं कवच, त्यात काथ्या. नुसतं पीओपी उचलताना तडकतं.

पूर्ण मॉडेल पीओपीत ओतायचा पहिला बेत होता. एक ओतून पाहिलं. वजन साडेचार किलो आणि साच्यातून काढताना यंगिनाची खालची दांडी तुटली.  कागदाच्या लगद्यावर यायचं ठरलं.

२० डिसेंबर

लगदा, पहिला घाणा. एक किलो वर्तमानपत्र तीन दिवस भिजवून, जुन्या मिक्सरमध्ये वाटून, फडक्यात पिळून. त्यात एक किलो व्हायटिंग पावडर (खडूची पूड), मैद्याची खळ, थोडा फेविकॉल. सुकल्यावर २८ सें.मी.ची कवटी २५.९ झाली. साडेसात टक्के आकसली आणि नाकाकडे वळली. जाड जागी हळू सुकतं, पातळ जागी लवकर, त्यामुळे ओढाताण होते.

दुसरा घाणा, हाच पुढे कायम ठेवला: कागद १ किलो (कोरडा), व्हायटिंग अडीच किलो, डिंक पाव किलो रात्रभर भिजवून, फेविकॉल २०० ग्रॅम, खळ दीड लिटर पाण्याची. खळीत १० ग्रॅम मोरचूद, बुरशी आणि वाळवीसाठी. मोरचूद विषारी आहे: हातमोजे घाला आणि त्या मिक्सरच्या भांड्यात पुन्हा चटणी वाटू नका. जाडी सगळीकडे ६ मि.मी., काडीवर खूण करून टोचून मोजत जायचं. आकस आता ३ टक्क्यांच्या आसपास. तेवढा चालवून घेतला. पुन्हा करायची झाली तर शाडूची मूळ कवटीच ३ टक्के मोठी करू.

बारीक दांड्या साच्यात भरायच्याच नाहीत. यंगिनाची जुगल आणि क्वाड्रॅटोजुगल जोडणारी खालची दांडी वेगळी, आत जाड तार घालून केली आणि नंतर बसवली. डायमेट्रोडॉनच्या खालच्या जबड्यावरचा पातळ पंखासारखा भागही तसाच. तो वाया जाऊ देऊ नका. जबड्याच्या अँग्युलर हाडाचा हा भाग पुढे सस्तन प्राण्यांत कानाच्या पडद्याला धरणारं कडं होतो. दाखवण्यासारखी एवढी मोठी गोष्ट नखाएवढ्या जाडीत असते.

२७ डिसेंबर

सुकवण. उन्हात ठेवलेली कवटी वरून कडक, आतून ओली आणि तिसऱ्या दिवशी टाळू उकललेली. सावली आणि सगळीकडून वारा हवा.

तासगावकडे ओळखीच्या एका बेदाणा शेडची परवानगी मिळाली. बेदाण्याचा हंगाम सुरू होईपर्यंत शेड रिकामी असते. वर छप्पर, बाजू मोकळ्या, आत एकावर एक ताणलेल्या जाळ्या. द्राक्षं सुकतात तिथे कवट्या का सुकू नयेत? जाळीमुळे खालूनही वारा लागतो. पाटावर सुकवताना टाळूकडची बाजू ओली राहायची, ती अडचण गेली. सहा मि.मी. जाडीला सहा ते सात दिवस. घरी दहा-बारा लागत होते.

दोन गोष्टी पाळल्या. जानेवारी संपायच्या आत शेड रिकामी करून द्यायची. आणि सल्फरची धुरी वगैरे काही चालू असेल तेव्हा आत जायचं नाही.

५ जानेवारी २०२६

पहाटेच्या दवाने वरच्या जाळीवरच्या दोन कवट्यांवर करडी बुरशी. ज्या घाण्यात मोरचूद विसरलं होतं त्याच दोन. फडक्याने पुसून, फॉर्मलिनच्या भानगडीत न पडता, मोरचुदाचं पातळ पाणी ब्रशने लावलं. बुरशी थांबली. हिरवट झाक राहिली, रंगाखाली गेली.

९ जानेवारी

दात. कॅप्टोराइनसला आधी एकाच ओळीत दात बसवले. तसे केले तर तो कॅप्टोराइनस लॅटिसेप्स, म्हणजे त्याच वंशातली दुसरी प्रजाती होतो. आमच्या फलकावर नाव कॅप्टोराइनस अगुटीचं. अगुटीच्या वरच्या आणि खालच्या जबड्यात मागच्या बाजूला दातांच्या अनेक ओळी शेजारी-शेजारी आणि तिरप्या असतात. नवे दात आतल्या बाजूने येतात, बाहेरचे झिजलेले. म्हणून बाहेरच्या ओळीतले दात घासून बोथट केले, आतले टोकदार ठेवले. पुढचा प्रीमॅक्सिला खाली आकड्यासारखा वळलेला, त्याचे दात मोठे.

साहित्य: एम-सील, टूथपिकच्या टोकावर वळून. एका कवटीला एक रात्र. डायमेट्रोडॉनचे सुळे मोठे, त्यांना आत तार घातली. सुळ्यांच्या पुढे जबड्याच्या कडेला जी खाच असते ती आधी बुजली होती, कानशीने परत काढली.

प्रोकोलोफॉनचे मागचे दात आडवे रुंद, दोन उंचवट्यांचे. सगळ्यांना सारखेच टोकदार दात लावायची सवय इथे नडते. मोजून थोडेच दात आहेत, नीट करा.

१६ जानेवारी

प्रोकोलोफॉन दुरुस्ती. डोळ्याची खोबण चित्रात मागे लांबवर ताणलेली आहे. आम्ही तेवढा मोठा डोळा समजून आत चेंडूएवढा बुबुळ बसवला, कवटी घुबडासारखी दिसू लागली. खोबणीचा पुढचा भाग डोळ्याचा, मागच्या भागात जबड्याचे स्नायू. म्हणजे कानशिलाला खिडकी न पाडताही स्नायूला जागा करून दिलेली. बुबुळ काढला आणि मागच्या भागात मातकट लाल रंगाची लोकरीची गुंडी भरली, स्नायू कळावा म्हणून. बघणाऱ्यांना हे सगळ्यात लवकर समजतं असं दिसलं.

याच प्राण्याच्या काही नमुन्यांत जुगल आणि क्वाड्रॅटोजुगलच्या मध्ये एक खिडकीही आढळली आहे, काहींत नाही. आमचं मॉडेल बिनखिडकीचं. तसं फलकावर लिहिलं. आणि हे लिहिता-लिहिताच तक्त्याची शंका आली.

२४ जानेवारी

शेड रिकामी करून दिली. रंगकाम. सगळ्या कवट्या हस्तिदंती करायच्या नाहीत असं ठरलं. रिचर्ड्स स्परची हाडं खनिज तेलामुळे काळपट तपकिरी झालेली असतात, म्हणून कॅप्टोराइनस गडद. सांध्यांच्या रेघा आधी पेनने काढल्या, वार्निशने पसरल्या. नंतर कोरणीने खाच पाडून त्यात पातळ काळा रंग भरला आणि वरचा पुसून घेतला. ही पद्धत टिकली.

प्रत्येक हाडाला ठरलेला रंगाचा ठिपका: पाचही कवट्यांत जुगल निळा, स्क्वामोसल पिवळा, पोस्टऑर्बिटल केशरी, पॅरायटल जांभळा. लेबलं वाचायला कुणी थांबत नाही, पण निळा ठिपका शोधत पाचही कवट्यांवरून मुलं फिरतात.

२ फेब्रुवारी

तक्ता कोसळला.

मूळ आराखडा जुन्या क्रमिक पुस्तकांतला: चार चौकटी. खिडकी नाही म्हणजे अनॅप्सिड, खालची एक म्हणजे सिनॅप्सिड, दोन म्हणजे डायॅप्सिड, वरची एक म्हणजे युरिॲप्सिड. सिनॅप्सिड आणि डायॅप्सिड ही विभागणी अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ ऑस्बॉर्नने १९०३ साली केली, ती शिकवायला सोपी आहे आणि म्हणूनच अजून हटत नाही. फ्लेक्स छापून आला होता, ९०० रुपये.

पिनबोर्डावर लाल पिन म्हणजे खालची खिडकी आणि हिरवी म्हणजे वरची, असं टोचत गेलो. डायमेट्रोडॉनला लाल. पेट्रोलॅकोसॉरस, यंगिनाला लाल आणि हिरवी. इथवर ठीक. मग ॲरिओसेलिस: पेट्रोलॅकोसॉरसचा जवळचा नातेवाईक, पण खालची खिडकी पुन्हा बुजलेली, फक्त हिरवी. चौकटीप्रमाणे तो युरिॲप्सिडांत जातो, नात्याने डायॅप्सिडांत. मग मिलेरेटा: पिल्लांत खालची खिडकी, मोठ्यांत बुजलेली. एकाच प्राण्याला वयानुसार दोन चौकटी? पॅरारेप्टाइल म्हणवणाऱ्या गटात (मिलेरेटा आणि आमचा प्रोकोलोफॉन यातलेच) खालची खिडकी असलेले कितीतरी आहेत, आणि चौकटीत त्या सगळ्या गटाला 'अनॅप्सिड' लिहिलेलं.

कासवाचा प्रश्न याहून मोठा. फ्लेक्सवर प्रोकोलोफॉनपासून कासवाकडे बाण होता, दोघांच्या गालाला खिडकी नाही म्हणून. कासवाचे जनुक मगर आणि पक्ष्यांच्या जवळचे. २०१५ साली वर्णन झालेल्या, जर्मनीतल्या पॅपोकेलिस या कासवाच्या पूर्वजाच्या कवटीत दोन्ही खिडक्या आहेत. म्हणजे कासवाने खिडक्या बुजवल्या, त्या मुळात नव्हत्या असं नाही.

फ्लेक्स उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन तक्ता, लोकरीच्या धाग्यांनी. पहिला फाटा: एकीकडे सिनॅप्सिड (डायमेट्रोडॉन, बोकड, आपण), दुसरीकडे सरपटणारे. दुसऱ्या फांदीवर कॅप्टोराइनस, हायलोनोमस, पेट्रोलॅकोसॉरस, यंगिना. पॅरारेप्टाइलांचा धागा तुटक ठेवला, कारण फोर्ड आणि बेन्सन या जीवाश्म-संशोधकांच्या २०२० च्या विश्लेषणात हा गट बाजूला न राहता डायॅप्सिडांच्या आतच गेला. तुटक धागा बघून "हे अर्धवट राहिलंय का" असं विचारतात. राहू द्या, तो प्रश्न येण्यासाठीच आहे.

पिना मात्र तशाच ठेवल्या. लाल पिन तक्त्याच्या तीन वेगळ्या कोपऱ्यांत दिसते, आणि नुसती खिडक्यांची मोजणी नातं का सांगत नाही हे एका नजरेत कळतं. खिडकी कुठली हाडं मिळून घडते, ती हाडं पुढे कुठे सरकतात, कोणतं हाड गळतं, हे बघावं लागतं. निळे-पिवळे ठिपके इथे कामाला आले.

पाल आणि सरडा तक्त्याच्या टोकाला घेतले. दोघांचीही खालची दांडी गेलेली. सरड्याची वरची शाबूत, पालीची तीही गेलेली. भिंतीवरच्या पालीला मोजणीने 'एकही पूर्ण खिडकी नाही' असं लिहावं लागेल, पण म्हणून तिला कॅप्टोराइनसशेजारी कोण बसवेल?

९ फेब्रुवारी

लेबलं. 'जगातला पहिला सरपटणारा प्राणी' ही हायलोनोमसखालची ओळ काढली. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून नख्यांच्या पावलांचे ठसे प्रसिद्ध झाले, ते सुमारे साडेपस्तीस कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे हायलोनोमसच्या कितीतरी आधीचे. नवी ओळ: 'हाडांच्या रूपात सापडलेल्या सर्वांत जुन्या सरपटणाऱ्यांपैकी'. लांब आहे, पण टिकेल.

'ही आपल्याकडे सापडतात का' यासाठी वेगळी पाटी. सांगली-साताऱ्याचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हे प्राणी त्याच्या कितीतरी आधी संपले, त्यामुळे इथे खणून उपयोग नाही. कॅप्टोराइनसच्या कुळातला प्राणी भारतात आहे: तेलंगणातल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कुंदाराम स्तरात.

१८ फेब्रुवारी

हिशेब. शाडू दोन पोती (गणपतीनंतरचा उरलेला, स्वस्तात) ५००. सिलिकॉन रबर चार किलो ३२००. पीओपी आणि काथ्या ८५०. व्हायटिंग, डिंक, फेविकॉल, मैदा, मोरचूद १४००. एम-सील ७२०. तार, जाळी, पाट ६००. रंग, वार्निश, ब्रश १६५०. छपाई, फ्लेक्स आणि पिनबोर्ड १९००. मुंडी आणि पेरॉक्साइड २६०. तासगावच्या फेऱ्यांचं पेट्रोल १३००. एकूण १२,३८०. यातले रबर, फ्लेक्स, पीओपीची पहिली प्रत आणि झेरॉक्स मिळून सुमारे दोन हजार चुकांचे.

तास लिहून ठेवले होते: चौघांचे मिळून ३१०. त्यातले साठ-पासष्ट २७ नोव्हेंबरच्या आधीचे.

२७ फेब्रुवारी

मांडणी. कवट्या टेबलावर ठेवल्या तर टाळू दिसत नाही आणि लोक उचलून बघतात. लाकडी ठोकळ्यावर उभी सळी, कवटीच्या मागच्या भोकात (मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो तिथे) घट्ट. खालचा जबडा वेगळा, मासेमारीच्या दोऱ्याने ३० अंश उघडा. डायमेट्रोडॉनचा जबडा दोऱ्याला जड झाला आणि बिजागर निसटला, तिथे स्क्रू मारला. स्क्रू दिसतो.

बोकडाची कवटी सुट्या हाडांसकट डायमेट्रोडॉनच्या शेजारी ठेवली, वरून निळा-पिवळा ठिपका. नाकाची हाडं फेविकॉलने चिकटवायची राहिली आहेत.